सेकंड होम

शहापूर आणि मुरबाड ही नावं काढली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यासमोर एक होर्डिंग येतं. हिरवा डोंगर, लाल कौलांचा बंगला, बाजूला झोपाळा, आणि खाली 'तुमचं सेकंड होम, ठाण्यापासून जेमतेम दीड तास'. वीकेंडला माळशेजला भिजायला जाताना अशी दहा-बारा होर्डिंग्ज मागे पडतात. एनए प्लॉट, सोपे हप्ते, साइट व्हिजिट फ्री!

आजचा विषय सेकंड होमचाच, पण दुसऱ्या अर्थाने. दुसरं लग्न, दुसरा संसार, आणि त्या संसारात सामानाबरोबर आलेली मुलं. कुणाची तरी आधीची. कागदावरचा शब्द 'सावत्र'. ऐकायला वाईट, पण कायद्यात दुसरा शब्द नाही, त्यामुळे आपणही तोच वापरू.

समजा, एक शहापूरकर आहेत. रोज सकाळी आसनगावहून लोकल पकडतात, ठाण्यात नोकरी, हातात चाळीस हजार. पहिलं लग्न मोडलं. पहिली बायको मुरबाडला माहेरी परतली, नऊ वर्षांची मुलगी तिच्याकडे. कोर्टाने मुलीसाठी महिना सहा हजार ठरवले आणि शहापूरकर ते नेमाने भरतात. (नेमाने भरणारा माणूस समजायला हरकत नाही, असतात असेही.) दोन वर्षांनी ते पुन्हा लग्न करतात. बायको विधवा, तिला दोन मुलगे, अकरा आणि सात वर्षांचे. घर भरतं. तांदूळ दुप्पट लागतो, दोन दप्तरं, दोन युनिफॉर्म, व्हॅनचे पैसे वेगळे. आणि एका महिन्याच्या पंचवीस तारखेला शहापूरकरांच्या मनात तो प्रश्न येतो, जो अशा प्रत्येक घरात येतो: 'आता माझ्याकडे खाणारी तोंडं वाढली. मुरबाडचे सहा हजार कमी होतील का?'

कायद्याचं उत्तर तीन अक्षरांचं आहे. नाहीत.

म्हणजे या कारणासाठी तरी नाहीत. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यात भल्याभल्यांचा घोटाळा होतो.

पोटगी या शब्दातच पोट आहे. काही भागांत 'खावटी' म्हणतात. (शहापूर-मुरबाडमध्ये जरा जपून म्हणा. इथल्या आदिवासी पाड्यांवर खावटी म्हणजे पावसाळ्याच्या उपासमारीत मिळणारं सरकारी कर्ज, नंतर अनुदान. नवऱ्याशी त्याचा काही संबंध नाही!) वर्षानुवर्षं आपण 'एकशे पंचवीस'ची केस म्हणत आलो ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125. 1 जुलै 2024पासून ती संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. नंबर बदलला, गाभा तोच: ऐपत असलेल्या माणसाने बायको, अज्ञान मूल आणि स्वतःला पोसू न शकणारे आईवडील यांना सांभाळलंच पाहिजे. मूल औरस असो की अनौरस, कायदा फरक करत नाही. धर्म कोणता, जात कोणती, हेही विचारत नाही. जन्माला घातलंत ना? मग द्या.

या यादीत सावत्र मूल नाही. हिंदूंसाठीचा 1956चा दत्तक आणि निर्वाह कायदा आहे, त्याच्या कलम 20मध्येही नाही. तिथे तर आणखी एक गोष्ट आहे: मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी बाप आणि आई दोघांवर टाकलेली आहे. पण 'आईचा नवा नवरा' असा रकाना कुठेच नाही.

आता रक्कम कशी ठरते ते बघू. आपल्याकडे टक्केवारीचं कोष्टक नाही, दोन्ही बाजूंची परिस्थिती बघून न्यायाधीश आकडा ठरवतात. 4 नोव्हेंबर 2020ला सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात (मूळ प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं) यासाठी देशभर एक शिस्त घालून दिली. दोघांनीही मालमत्ता, पगार, कर्ज, खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यात अवलंबून असलेल्या माणसांची माहितीही द्यायची. आणि देणाऱ्याची ऐपत मोजताना कोणाचा भार धरायचा? तर ज्यांना सांभाळणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे त्यांचा. 'कायद्याने' हा शब्द इथे सगळं काम करतो. शहापूरकरांची म्हातारी आई त्यात बसते. उद्या या लग्नातून त्यांना मूल झालं तर तेही बसतं, आणि मग मुरबाडच्या रकमेचा फेरविचार व्हावा असा अर्ज ते जरूर करू शकतात. परिस्थिती बदलली तर आदेश बदलायची सोय कायद्यात आहे. बायकोचे दोन मुलगे मात्र त्यात बसत नाहीत. त्यांची फी भरणं हा शहापूरकरांचा मोठेपणा आहे, आणि मोठेपणाची वजावट मिळत नाही.

हे निष्ठुर वाटतं? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण मुरबाडच्या त्या मुलीच्या बाजूने बघा. बापाने दुसरं लग्न करायचं की नाही, कोणाशी करायचं, यात तिला कोणी विचारलं होतं? तिच्या वहीपेन्सिलीतून त्या निर्णयाची किंमत का वळती व्हावी? हाच न्याय कोर्टं इतर गोष्टींनाही लावतात. आयकर, सक्तीचा पीएफ अशा कपाती पगारातून वजा धरतात. पण 'साहेब, गाडीचा हप्ता आहे', 'मुरबाडला प्लॉट घेतलाय, त्याचा ईएमआय आहे' हे ऐकून सहसा कोणी विरघळत नाही. लाल कौलांचा बंगला तुमच्या हौसेचा. पोरगी आधीची.

मग त्या दोन मुलग्यांचं काय? ती काही हवेतून आली नाहीत. इथे बहुतेक माणसं एक गोष्ट विसरतात, आणि शहापूरसारख्या ठिकाणी ती विसरणं फार महागात पडतं. त्यांचा बाप वारला, पण त्याचा सातबारा वारला नाही. आईने दुसरं लग्न केलं म्हणून मुलांचा बापाच्या जमिनीतला वाटा जात नाही. आजोबांकडे वडिलोपार्जित जमीन असेल तर त्यातला बापाचा हिस्साही मुलांकडे येतो. शिवाय त्याच 1956च्या कायद्यात असंही आहे की मेलेल्या माणसाची इस्टेट ज्या वारसांकडे गेली, त्यांनी त्या इस्टेटीतून त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना सांभाळायचं. पण प्रत्यक्षात सून दुसऱ्या घरी गेली की 'ती गेली, तिची पोरं गेली' असं धरून काका मंडळी वारस नोंद उरकून टाकतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025मध्ये सुरू झाला, तो याच शहापूर तालुक्यातून गेलाय. अशा रस्त्यांसाठी जमिनी गेल्या की मोबदला मिळतो. तो कोणाच्या नावाने आला आणि त्यात या पोरांचं नाव होतं का, हा प्रश्न नव्या नवऱ्याच्या पगाराच्या आधी विचारायचा असतो. तलाठ्याकडे जाऊन फेरफार बघायला एक सकाळ पुरते. कदाचित दोन, साहेब मीटिंगला गेले असतील तर.

आता गाडी मुरबाडकडे वळवू. कारण गोष्टीला दुसरी बाजू आहे. समजा, पहिल्या बायकोनेही पुन्हा लग्न केलं. नवरा एमआयडीसीत कामाला, चांगला माणूस, मुलीला शाळेत सोडतो, आणतो. शहापूरकरांना बातमी कळते आणि डोक्यात लगेच दुसरा हिशेब सुरू होतो: 'आता तिला बाप मिळाला. मी कशाला देऊ?'

पुन्हा तेच उत्तर. घटस्फोटित बाईने दुसरं लग्न केलं की तिची स्वतःची पोटगी थांबते, हे खरं. मुलीची थांबत नाही. मुलीचा बाप जो होता तोच आहे, आईच्या लग्नाने तो बदलत नाही. त्या नव्या नवऱ्याने हौसेने सायकल घेऊन दिली, म्हणून तुमचे सहा हजार सुटत नाहीत. जशी तुमच्या घरातल्या दोन मुलग्यांची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही, तशीच तुमच्या मुलीची त्याच्यावर जात नाही. नाण्याची एकच बाजू आपल्या सोयीची असते, एवढंच.

ग्रामीण ठाण्यात याच्यात अजून एक गुंता असतो. तो म्हणजे सोडचिठ्ठी. पाच पंच बसतात, स्टँपवर मजकूर लिहिला जातो: 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही, मुलगी आईकडे राहील, तिचा खर्च आई करेल, बापाकडे काही मागणार नाही.' अंगठे, सह्या, चहा. जिथे जातीची किंवा जमातीची तशी जुनी रूढी सिद्ध होते, तिथे असा काडीमोड कायदा मानतो; नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. पण त्या कागदातलं शेवटचं वाक्य तसंही कुचकामी असतं. पोटगीचा हक्क मुलीचा आहे. आईने तो तिच्या वतीने सोडून दिला, असं लिहून दिलं तरी मुलीचा हक्क जात नाही. असा कागद कोणी तोंडावर फडकवला तर घाबरायचं कारण नाही. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे तालुक्याचं कोर्ट आहे, अर्ज तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, आई आणि मूल राहतात तिथेही. बायका, मुलं आणि अनुसूचित जमातीचे लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. 15100 या नंबरवर फोन केला की माहिती मिळते. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या ऑफिसात चहा आणून देणाऱ्या मावशी कदाचित कसारा लोकलने येत असतील.

आणि याच शहापूर तालुक्यात एक गाव आहे, ज्याने 'सेकंड होम'चा तिसराच अर्थ जगाला दाखवला. डेंगणमाळ. 2015 साली त्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनी जगभर पोचवली होती: उन्हाळ्यात पाणी आणायला घरात माणूस कमी पडतो, म्हणून दुसरी, कधी तिसरी बायको. 'पाणीवाली बाई'. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं याच तालुक्यातली. आपण मुंबईत शॉवरखाली गाणी म्हणतो ते पाणी इथलं, आणि इथे डोक्यावर हंडे. त्या बातम्या सगळ्यांनी चवीने वाचल्या. पण त्यातलं एक वाक्य पटकन नजरेआड झालं. ही पाणी भरायला आणलेली बाई बऱ्याचदा विधवा किंवा टाकलेली असते.

टाकलेल्या बाईबरोबर मूल असू शकतं. त्या मुलाचा विचार करा. आई पहाटेपासून डोक्यावर पाणी वाहते, त्या बदल्यात दोघांना छप्पर आणि भाकरी मिळते. ज्या घरात ते वाढतं, त्या घरच्या माणसावर त्याचा कायदेशीर हक्क शून्य. त्या माणसापासून आईला दुसरं मूल झालं तर त्या दुसऱ्याला पोटगीचा हक्क आहे, लग्न कायदेशीर असो वा नसो. एका आईची दोन पोरं, एकाच ताटात जेवणारी, आणि कायद्यासमोर एकाला बाप आहे तर दुसऱ्याला फक्त घरमालक. आईचं स्वतःचंही अवघडच. हिंदू विवाह कायदा लागू असेल तर पहिली बायको असताना केलेलं लग्न रद्दबातल ठरतं. अनुसूचित जमातींना हा कायदा आणि 1956चा निर्वाहाचा कायदा, सरकारने वेगळं जाहीर केल्याशिवाय, लागूच होत नाहीत. तिथे जमातीची रूढी चालते. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी मोठी वस्ती आहे, त्यामुळे हा बारीक मुद्दा नाही. त्यांच्यासाठी खरा आधार म्हणजे ते कलम 144, जे सगळ्यांना लागू आहे. आणि त्याखाली पहिल्या घरचं मूल दाद मागू शकतं ती ज्या माणसाने दोघांना टाकलं त्याच्याचकडे. तो वीटभट्टीवर कुठल्या जिल्ह्यात आहे, हे आधी शोधा.

बरं, कायद्याला सावत्र नातं कळतच नाही असंही नाही. 1961च्या आयकर कायद्याने 'मूल' या शब्दाच्या व्याख्येत सावत्र मूल घातलं होतं. कंपनी कायद्याच्या नियमांत 'नातेवाईक' म्हणून सावत्र मुलगा येतो, सावत्र आईवडीलही येतात. म्हणजे पैसे लपवायला वाव असेल तिथे सरकारला सावत्र पोरगा बरोब्बर दिसतो. म्हाताऱ्यांच्या बाबतीतही दिसतं. 1956च्या कायद्यात निपुत्रिक सावत्र आई 'पालक' म्हणून धरलेली आहे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की कलम 125मधल्या 'आई' या शब्दात सावत्र आई येत नाही, पण तिला स्वतःचं मूल नसेल, ती विधवा असेल किंवा नवरा तिला पोसू शकत नसेल, तर ती सावत्र मुलाकडे मागू शकते. आणि 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर 'पालक' म्हणजे सख्खे, दत्तक आणि सावत्रही, असं सरळ लिहिलंय. थोडक्यात, शहापूरकरांनी त्या दोन मुलग्यांना सांभाळायचं की नाही, हे त्यांच्या मर्जीवर. पण तेच मुलगे कमावते झाले की शहापूरकर प्रांतांकडे निर्वाहासाठी अर्ज टाकू शकतात, निदान व्याख्येप्रमाणे तरी. देण्याची सक्ती नाही, मागायची सोय आहे. हा व्यवहार ज्याने लिहिला त्याला सावत्र पोरं नसावीत.

सगळीकडे असंच आहे असं नाही. तुमचा कझिन लंडनमध्ये असेल तर त्याला विचारा. ब्रिटनमध्ये मुलांच्या पोटगीचं सरकारी कोष्टक आहे. देणाऱ्याच्या घरात दुसरी मुलं राहत असतील तर हिशेबाआधी त्याचं उत्पन्नच थोडं कमी धरतात: एक मूल असेल तर 11 टक्के, दोन असतील तर 14, तीन किंवा जास्त असतील तर 16. आणि या मुलांत जोडीदाराची आधीची मुलंही येतात. घरात कोण राहतं ते बघतात, कोणी जन्म दिला ते नाही. मला ही पद्धत अर्धीच पटते. सावत्र मुलाची भाकरी खरी असते, हे ती कबूल करते, हे चांगलं. पण ती भाकरी पहिल्या मुलाच्या ताटातून काढली जाते. शहापूरकरांचा पगार चाळीस हजारच राहतो, वाटेकरी वाढतात. आपल्याकडे मुरबाडची मुलगी सुरक्षित आहे आणि शहापूरचे मुलगे उघड्यावर. तिथे तिघं थोडी थोडी भिजतात.

यावर आपल्याकडचा सरळ उपाय एकच: दत्तक. सावत्र नातं नुसतं मायेचं न ठेवता कागदावर आणायचं. मग ती मुलं कायद्याने शहापूरकरांची होतील, 'बंधनकारक' लोकांच्या यादीत येतील, त्यांना वारसाहक्क मिळेल. शहापूरकरांना मुरबाडच्या हिशेबात त्यांचा भार दाखवताही येईल. फक्त घाई नको, यात खाचखळगे आहेत. 1956च्या कायद्याप्रमाणे ज्याला आधीच मुलगा आहे त्याला मुलगा दत्तक घेता येत नाही. शहापूरकरांना मुलगी आहे, मुलगा नाही, म्हणून पहिला मुलगा घेता येईल. तो घेतला की ते मुलगावाले झाले, आणि धाकटा बाहेर! दोघांना घ्यायचं तर बाल न्याय कायद्याखालच्या दत्तक नियमांचा रस्ता धरावा लागेल. तिथे सावत्र पालकांसाठी खास तरतूद आहे. मुलाचा जन्मदाता बाप जिवंत असेल तर त्याची संमती लागते, आणि पोटगी बुडवणारा बाप या एका सहीसाठी मात्र अचानक फार भावनिक होतो.

शिवाय झालेलं दत्तक परत करता येत नाही. बायकोशी नाही पटलं, ती निघून गेली, तरी मुलं तुमचीच, आणि त्यांची पोटगीही तुमचीच. म्हणून लग्नाआधी पत्रिका बघता तशी एक संध्याकाळ दोघांची प्रतिज्ञापत्रं बघा. कोणाला किती जातं, कोणाकडून किती यायला हवं आणि येत नाही, मुलांच्या नावावर कुठे काय आहे. येणं असेल तर कोर्टाचा आदेश फाइलमध्ये नुसता ठेवू नका. थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. उशीर झाला की जुने महिने त्या रस्त्याने हातचे जातात, आणि बुडवणाऱ्यांना ही तारीख तोंडपाठ असते. त्या दोन मुलग्यांचं म्हणाल तर बाप गेला त्या दिवशीच त्याच्या जमिनीतला जो वाटा त्यांचा झाला, तो नंतर दत्तक गेल्यानेही त्यांचाच राहतो. पण दत्तकपत्र झाल्यावर काकांना 'आता तर ती आमची राहिलीच नाहीत' म्हणायला आयतं निमित्त मिळतं. म्हणून आधी सातबाऱ्यावर नाव, मग दत्तकाचा मुहूर्त.